फायरवॉलवरची पट्टी

लहानपणी एकदा वडिलांबरोबर आरटीओत गेलो होतो. जुनी स्कूटर विकायची होती आणि नाव बदलायचं होतं. एजंटने स्कूटरच्या चेसिस नंबरवर एक पातळ कागद धरला आणि त्यावर पेन्सिल आडवी धरून घासली. बघता बघता कागदावर आकडे उमटले. मला ती जादूच वाटली. "नंबर नुसता लिहून का नाही घेत?" असं मी विचारलं, तर वडील म्हणाले, "लिहिताना माणूस चुकतो. कधी मुद्दामही चुकतो. घासलेला नंबर खोटं बोलत नाही."

हे वाक्य माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. दोन वर्षांपूर्वी एका शनिवारी ते खोटं ठरलं, त्याची ही गोष्ट. गोष्ट तशी जुन्या अमेरिकन गाड्यांची आहे, पण ज्यांना गाड्यांत रस नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही. (बायकोलाही नाही, तिने वाचलाय.)

मी राहतो सिनसिनाटीत. या शहराच्या पोटात नॉरवूड नावाचं एक वेगळं छोटं गाव आहे. चारी बाजूंनी सिनसिनाटी आणि मध्ये नॉरवूड. तिथे १९२३ ते १९८७ जनरल मोटर्सचा कारखाना होता. शेवरोलेची कॅमॅरो आणि पॉन्टिअ‍ॅकची फायरबर्ड या दोन गाड्या तिथे बनत. कारखाना ऑगस्ट १९८७ मध्ये बंद झाला. आता त्या जागेवर ऑफिसं आहेत. आमच्या शेजारी राहणारे गृहस्थ एकोणिसाव्या वर्षी, १९६८ साली, त्या कारखान्यात लागले आणि बंद होईपर्यंत तिथेच होते. मी त्यांना मनातल्या मनात 'आजोबा' म्हणतो, तेव्हा इथेही तेच म्हणेन.

तर झालं असं की मला एक जुनी कॅमॅरो घ्यायची होती. चाळिशीत माणसाला काहीतरी होतंच. कुणी मॅरेथॉन पळतं, कुणी गिटार शिकतं. मला १९६९ ची कॅमॅरो झेड २८ हवी होती. बरेच महिने शोधल्यावर शेजारच्या इंडियाना राज्यात एक विकाऊ असल्याचं कळलं. किंमत अशी होती, की बायकोशी तीन वेळा 'चर्चा' करावी लागली. आजोबांना सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, "पोरा, पैसे देण्याआधी पट्टी वाचायला शीक."

पट्टी म्हणजे काय, तर बॉनेट उघडलं की इंजिनाच्या मागे जी पत्र्याची उभी भिंत दिसते, तिच्यावर ठोकलेला हाताच्या पंजाहून लहान असा पत्र्याचा तुकडा. त्या भिंतीला फायरवॉल म्हणतात. आपण नेटवर्कवाले लोक हा शब्द दिवसातून दहा वेळा वापरतो, पण गाडीतली फायरवॉल जुनी आहे. इंजिनाला आग लागली तर ती आत बसलेल्या माणसांपर्यंत जाऊ नये म्हणून ती भिंत. असो.

या पट्टीवर 'बॉडी बाय फिशर' असं लिहिलेलं असतं. फिशर बॉडी ही मुळात वेगळी कंपनी. फ्रेड आणि चार्ल्स फिशर या भावांनी १९०८ साली डेट्रॉईटमध्ये ती काढली. १९१९ मध्ये जनरल मोटर्सने तिचा साठ टक्के हिस्सा घेतला आणि १९२६ मध्ये उरलेला. पण कंपनी पोटात गेली तरी संसार वेगळाच राहिला. गाडीचा सांगाडा, रंग, सीटा, काचा हे सगळं काम फिशरचं. मग ती तयार बॉडी शेवरोलेच्या बाजूला जायची आणि तिथे तिला इंजिन, चाकं वगैरे मिळायची. नॉरवूडलाही एकाच आवारात अशा दोन चुली होत्या.

हे लक्षात ठेवा, कारण पट्टीचं सगळं गूढ इथेच आहे. पट्टी फिशरची आणि फिशरच्याच कामगारांसाठी. त्यामुळे त्यांना जे करायचंय तेवढंच तिच्यावर लिहिलेलं. इंजिन कुठलं, हे फिशरला कळून काय करायचंय? म्हणून ते तिथे नाही.

आजोबा सीटा आणि आतलं अस्तर बसवायच्या खात्यात होते. ते म्हणाले, "अख्खी पट्टी आमच्यातला कुणीच वाचत नसे. मला माझा एक आकडा कळायचा, रंगवाल्याला त्याचा. बाकीचं काय आहे, ते मला निवृत्त झाल्यावर पुस्तकांत कळलं."

मग त्यांनी मला एका कागदावर १९६९ च्या पट्टीचा नमुना लिहून दिला. मी तो तुमच्यासाठी उलगडतो.

पहिली ओळ: एसटी ६९ १२४३७. एसटी म्हणजे स्टाईल. ६९ हे मॉडेलचं वर्ष. पुढच्या पाच आकड्यांत १ म्हणजे शेवरोले, २४ म्हणजे व्ही-आठ इंजिनाची कॅमॅरो (सहा सिलिंडरवालीला २३), आणि ३७ म्हणजे दोन दारांची टपवाली. टप उघडणारी असेल तर ३७ च्या जागी ६७. त्याच ओळीत कारखान्याची खूण, नॉरवूडची असेल तर इंग्रजी एन-ओ-आर ही तीन अक्षरं, आणि मग बॉडीचा अनुक्रमांक.

दुसरी ओळ: टीआर ७११, म्हणजे ट्रिम, आतली सजावट. ७११ म्हणजे साधं काळं अस्तर. हा आजोबांचा आकडा. त्याच ओळीत रंग, दोन वेळा लिहिलेला: ७२ ७२. पहिला खालच्या भागाचा आणि दुसरा टपाचा. ७२ म्हणजे हगर ऑरेंज, तो सुप्रसिद्ध भडक नारिंगी. ७६ असेल तर डेटोना यलो, ५० असेल तर डोव्हर व्हाईट, १० असेल तर काळा.

खाली तारीख: ०४सी. चौथा महिना, तिसरा आठवडा. ए म्हणजे पहिला आठवडा, बी म्हणजे दुसरा, असं पुढे.

इथे आमच्यातल्या प्रोग्रामरचे कान टवकारतील. तारखेत वर्ष कुठाय? नाहीच. मॉडेलचं वर्ष ६९, पण १९६९ च्या मॉडेलचं उत्पादन १९६८ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस सुरू झालं. त्यात पुढचं १९७० चं मॉडेल रखडलं, म्हणून ६९ च्या गाड्या १९६९ च्या नोव्हेंबरपर्यंत बनत राहिल्या. म्हणजे पट्टीवर '०९' असेल तर तो सप्टेंबर १९६८ चा की १९६९ चा, हे नुसत्या पट्टीवरून ठरवता येत नाही. दोन आकड्यांच्या वर्षामुळे २००० साली आपण सगळे रात्रभर ऑफिसात बसलो होतो. या लोकांनी तर वर्षच लिहिलं नव्हतं. पण त्यांचं काय चुकलं? आज एप्रिलचा तिसरा आठवडा चालू आहे हे कारखान्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं. ही गाडी पन्नास वर्षांनी कुणी भिंग घेऊन बघेल, असं त्यांना वाटायचं काही कारणच नव्हतं.

पट्टीशिवाय गाडीवर आणखी एक नंबर असतो, तो म्हणजे व्हीआयएन. आपल्या चेसिस नंबरसारखा. हाच कागदपत्रांवर असतो. कॅमॅरोवर १९६८ पासून तो डॅशबोर्डच्या वर, समोरच्या काचेतून दिसेल असा लावलेला असतो. १९६९ च्या कॅमॅरोचा नंबर १२४३७९एन५… असा सुरू होतो. १२४३७ तुम्हाला आता वाचता येईलच. ९ म्हणजे १९६९, एन म्हणजे नॉरवूड, आणि पुढे ५००००१ पासून सुरू होणारा क्रमांक. एन ऐवजी एल असेल तर गाडी लॉस एंजेलिसजवळच्या व्हॅन नाईजच्या कारखान्यात बनलेली.

आता गंमत बघा. व्हीआयएन सांगतो व्ही-आठ, पण कुठलं व्ही-आठ ते सांगत नाही. पट्टी तर इंजिनाबद्दल बोलतच नाही. शिवाय पट्टीवरचा बॉडी नंबर आणि व्हीआयएनचा क्रमांक, यांचा एकमेकांशी मेळ नाही. डेटाबेसच्या भाषेत सांगायचं तर दोन टेबलं आहेत आणि त्यांना जोडणारी की नाही.

आणि मला हवी होती झेड २८. हे नावसुद्धा मुळात ऑर्डरच्या फॉर्मवरचा कोड आहे! गाडी घेताना जे जादा पर्याय निवडायचे, त्यातल्या एकाचा नंबर झेड२८. शर्यतीच्या नियमांत इंजिन पाच लिटरच्या आत असावं लागे, म्हणून शेवरोलेने ३०२ घन इंचांचं एक इंजिन जुळवलं आणि ते रस्त्यावरच्या गाडीत विकायला काढलं. १९६७ मध्ये अशा फक्त ६०२ गाड्या गेल्या. १९६९ मध्ये २०,३०२. त्या वर्षीच्या सगळ्या कॅमॅरो मिळून २,४३,०८५. म्हणजे साधारण बारात एक. आज त्या एकीची किंमत उरलेल्या बहुतेक अकरांपेक्षा कितीतरी जास्त. आणि तिचा व्हीआयएन मात्र साध्या व्ही-आठ कॅमॅरोसारखाच! साध्या गाडीवर पट्टे रंगवले, चिन्हं लावली, की झाली झेड २८. कुणी आणि कशावरून ओळखायची?

दुसऱ्या कंपन्यांची तऱ्हा वेगळी होती. फोर्डच्या नंबरात इंजिनाचं अक्षर असतंच. १९६५ च्या मस्टँगमध्ये पाचवं अक्षर के असेल, तर ते २८९ चं जास्त ताकदीचं इंजिन. दारावरच्या पट्टीवर बॉडीचा प्रकार, रंग, अस्तर, तारीख आणि कुठल्या विभागाच्या विक्री कार्यालयाने गाडी मागवली तेही. फोर्डचे जुने रेकॉर्ड १९६७ पासूनचे टिकले आहेत आणि पैसे भरून तुमच्या गाडीचा अहवाल मिळतो. अगदी पहिली मस्टँग म्हणून नोंदलेल्या गाडीचा नंबर आहे ५एफ०८एफ१००००१. ही पांढरी टप उघडणारी गाडी खरं तर विकायचीच नव्हती. पण कॅनडात न्यूफाउंडलंडच्या सेंट जॉन्समध्ये एका विक्रेत्याने १४ एप्रिल १९६४ ला, म्हणजे अधिकृत विक्रीच्या तीन दिवस आधीच, ती एका वैमानिकाला विकून टाकली. पुढे दोन वर्षांनी दहा लाखावी मस्टँग त्याला देऊन फोर्डने ती परत मिळवली. आज ती डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड म्युझियममध्ये आहे. नंबर वाचता येणारा माणूस त्या विक्रेत्याकडे असता तर?

क्रायसलरवाल्यांची तर कमालच. त्यांची पट्टी आतल्या मडगार्डवर असते, आणि ती वाचायची खालून वर! सगळ्यात खालची ओळ आधी, डावीकडून उजवीकडे, मग तिच्या वरची. ज्याला हे माहीत नाही तो अख्खी गाडी उलटी वाचतो. तिथे ई७४ असेल तर ४२६ चं हेमी इंजिन. अशा एका १९७१ च्या टप उघडणाऱ्या हेमी कूडाला २०१४ च्या लिलावात ३५ लाख डॉलर आले. शिवाय कारखान्यात प्रत्येक गाडीबरोबर एक छापील कागद फिरायचा, त्यावर सगळी कामं लिहिलेली. काम झालं की कामगार तो कागद सीटच्या स्प्रिंगांत कोंबून द्यायचे. फेकायला जायचा कंटाळा, दुसरं काय! आज लोक जुन्या सीटा उसवतात त्या त्याच कागदासाठी.

हे सगळं वाचताना मला एक गोष्ट जाणवली. यातलं काहीच आपल्यासाठी लिहिलेलं नाही. पट्टी ही कारखान्यातल्या एका माणसाने पुढच्या माणसाला लिहिलेली चिठ्ठी आहे. 'बाबा रे, याला नारिंगी मार आणि काळ्या सीटा लाव.' गाडी गेटबाहेर पडली की चिठ्ठीचं काम संपलं. आपल्या प्रोग्रामच्या लॉग फाईलसारखंच. आपण लॉग लिहितो ते उद्या सकाळी बग सापडावा म्हणून. त्याच लॉगवरून दहा वर्षांनी कोर्टात कुणी काही सिद्ध करेल, हे आपल्या गावीही नसतं. आणि म्हणूनच लॉगवर विश्वास बसतो. लिहिणाऱ्याला खोटं बोलून काही मिळणार नव्हतं.

नॉरवूडच्या बाबतीत तर काही पट्ट्या गेटबाहेर पडल्याच नाहीत. १९७२ मध्ये तिथे १७४ दिवसांचा संप झाला. संप मिटला तेव्हा लाईनवर सुमारे ११०० अर्धवट कॅमॅरो आणि फायरबर्ड उभ्या होत्या, आणि १९७३ चे बंपरचे नवे नियम लागू व्हायला आले होते. त्या गाड्या नियमात बसेनात, म्हणून मोडीत निघाल्या. आजोबा त्या दिवसांबद्दल फार बोलत नाहीत. "त्यांच्यातल्या कितींना मी सीटा बसवल्या होत्या," एवढंच म्हणाले.

आता मूळ मुद्दा. कोडचा अर्थ सांगणारं पुस्तक कारखान्याने काढलं नव्हतं. शेवरोलेने त्या काळच्या अमेरिकेत विकलेल्या एकेका गाडीची यादीही जपली नाही. पॉन्टिअ‍ॅकच्या गाड्यांचे मूळ बिलांचे रेकॉर्ड आहेत, कॅनडात विकलेल्या गाड्यांचे आहेत, पण अमेरिकेतल्या कॅमॅरोचे नाहीत. मग हा सगळा अर्थ लागला कसा? हौशी लोकांनी लावला. हजारो मालकांनी आपापल्या पट्ट्या उतरवून घेतल्या, एकमेकांशी ताडून बघितल्या. आतमध्ये काय चाललंय ते माहीत नाही, फक्त आउटपुट समोर आहे, आणि त्यावरून नियम काढायचे. आपण याला रिव्हर्स इंजिनिअरिंग म्हणतो आणि त्याचे पैसे घेतो. हे लोक शनिवार-रविवारी फुकट करत होते.

त्यातून एक मोठा शोध लागला. नॉरवूडच्या १९६९ च्या पट्ट्यांवर, १९६८ च्या डिसेंबरच्या सुमारापासून पुढे, एक जादा कोड दिसतो: एक्स आणि दोन आकडे. हा बाहेरच्या सजावटीचा कोड. कुठली चिन्हं, कुठली पट्टी लावायची ते फिशरला कळावं म्हणून. एक्स११ असेल तर सजावटीचं पॅकेज, पण ते साध्या गाडीवरही असे आणि एसएस ३५० वरही, त्यामुळे त्यावरून छातीठोकपणे काही सांगता येत नाही. पण एक्स३३ किंवा एक्स७७ असेल, तर गाडी झेड २८. पट्टी इंजिनाबद्दल बोलत नाही, पण बिल्ले कुठले लावायचे ते सांगताना चुकून बोलून जाते.

झालं! ज्या दिवशी हे सगळ्यांना कळलं, त्या दिवसापासून एक्स७७ ही दोन आकड्यांची चिठ्ठी म्हणजे पैसा झाली. आणि ज्या चिठ्ठीला किंमत येते, ती खोटी लिहिणारेही येतात. व्हीआयएनशी छेडछाड हा १९८४ च्या कायद्याने अमेरिकेत केंद्रीय गुन्हा आहे, पण ही पट्टी व्हीआयएन नाही. तिच्या प्रतिकृती उघडपणे मिळतात. काहींची जुनी पट्टी खरोखर गंजून गेलेली असते, त्यांना नवी हवी असते. सगळेच काही चोर नसतात.

१९८१ च्या मॉडेलपासूनच्या व्हीआयएनला निदान गणिताचं कुंपण आहे. सतरा अक्षरं, त्यात आय, ओ आणि क्यू बाद, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. नववं अक्षर तपासणीचं. बाकीच्यांना ठरावीक वजनांनी गुणायचं, बेरीज करायची, अकराने भागायचं, बाकी उरेल ती नवव्या जागी. बाकी दहा उरली तर एक्स. एक आकडा चुकला तर हिशोब जुळत नाही. जुन्या पट्टीला असलं काही नाही. तिची तपासणी माणसानेच करायची.

तर त्या शनिवारी मी आणि आजोबा इंडियानाला निघालो. वाटेत त्यांनी विचारलं, तुमच्याकडे अमेरिकन गाड्या होत्या का? मी म्हटलं, होत्या की. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सने १९२८ साली जुळणीचा कारखाना काढला होता. सुटे भाग बोटीने यायचे आणि गाड्या तिथे जोडल्या जायच्या. पुढे कुर्ल्याला प्रीमियरने डॉज आणि प्लिमथ जोडल्या. आजोबांना याचं फार अप्रूप वाटलं. "म्हणजे तुझ्या गावातही कुणीतरी आमचंच काम करत होतं," म्हणाले.

गाडी दिसायला अप्रतिम होती. हगर ऑरेंज, त्यावर दोन काळे पट्टे. विकणारा पन्नाशीचा, शांत माणूस. गाडी त्याच्या थोरल्या भावाची. भाऊ वारला आणि गाडी याच्याकडे आली. भावाने वीस वर्षांपूर्वी ती झेड २८ म्हणूनच घेतली होती. त्याने आधी बॉनेट उघडून पट्टी दाखवली, कौतुकाने. एसटी ६९ १२४३७. टीआर ७११. ७२ ७२. ०४सी. आणि खाली, स्वच्छ अक्षरांत, एक्स७७.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! मी खिशातून कागद-पेन्सिल काढली आणि आरटीओच्या एजंटसारखी पट्टी घासून घेतली. मग काचेतून व्हीआयएन बघून तोही त्याच कागदावर खाली लिहिला: १२४३७९एल५… आणि कागद आजोबांकडे दिला.

आजोबांनी कागद बघितला. मग पुन्हा पट्टीजवळ जाऊन बघितली, मग पुन्हा काचेतून. बराच वेळ काही बोलले नाहीत. शेवटी मला बाजूला घेऊन त्यांनी कागदावर दोन ठिकाणी बोट ठेवलं. एल. एक्स.

तुमच्या लक्षात आलं असेल, माझ्या मात्र तेव्हा पटकन आलं नव्हतं. गाडी लॉस एंजेलिसची. पट्टीवरची कारखान्याची खूणही लॉस एंजेलिसचीच, म्हणजे तिथे काही विसंगती नाही. पण एक्स कोड ही नॉरवूडची पद्धत. लॉस एंजेलिसच्या कारखान्याने तो कधी ठोकलाच नाही. आपल्याकडे कुणी तीन पिढ्या सदाशिव पेठेत राहिलेल्या आजीचं म्हणून जुनं पत्र दाखवावं आणि त्यात 'मी स्वयंपाक करून राहिली आहे' असं वाक्य असावं, तसं हे. शब्द खरा आहे, व्याकरणही बरोबर आहे, पण तो नागपूरचा आहे. पट्टी बनवणाऱ्याला एक्स७७ चा अर्थ माहीत होता. तो कुठल्या गावचा शब्द आहे, ते माहीत नव्हतं.

मी म्हटलं, "चला, काहीतरी कारण सांगून निघू." खरं सांगतो, मला त्या माणसाच्या तोंडावर हे बोलायचं नव्हतं. भाऊ गेलाय, गाडी भावाची आठवण आहे, त्याने काही फसवलेलं नाही. आजोबा म्हणाले, "आपण गप्प निघालो तर तो हीच गाडी पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कुणालातरी याच किमतीला विकेल. तो दुसरा पट्टी वाचायला शिकलेला नसेल. आणि कधीतरी त्याला कळेल, तेव्हा तो या माणसाला चोर म्हणेल."

मग त्यांनीच जाऊन सांगितलं, अगदी सावकाश, कागद समोर धरून. ते काय होते, कुठे काम करायचे, तेही सांगितलं. त्या माणसाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे माझा भाऊ खोटी गाडी चालवत होता?"

याचं उत्तर आजोबांनी जे दिलं, ते मी अजून विसरलो नाही. म्हणाले, "मी असं म्हटलेलं नाही. पट्टी खोटी आहे. गाडीचं मला माहीत नाही."

आणि हेच खरं होतं. लॉस एंजेलिसमध्येही झेड २८ बनत होत्या! त्यांच्या पट्टीवर एक्स कोड नसायचा, इतकंच. म्हणजे ही गाडी खरीखुरी झेड २८ असूही शकते. कुण्या जुन्या मालकाला वाटलं असेल, आपली गाडी खरी आहे पण पट्टीवर पुरावा नाही, लोक विश्वास ठेवत नाहीत, तर एक पट्टी करून लावू. किंवा साध्या कॅमॅरोला कुणी नटवलं असेल. इंजिनावर डीझेड हा ३०२ चा शिक्का होता, पण ज्या हाताने पट्टी बदलली त्याने शिक्काही मारला नसेल कशावरून? त्या काळी शेवरोले गाडीबरोबर वॉरंटीच्या पुस्तिकेत एक छोटी धातूची पट्टी देई, ती असती तर काही बोलता आलं असतं. ती नव्हती. आणि मूळ पट्टी, जिच्यावर काही नसण्याचाच पुरावा होता, ती कधीच कुठेतरी कचऱ्यात गेली होती.

मी गाडी घेतली नाही. ती साध्या कॅमॅरोच्या किमतीला विकली गेली असं नंतर कळलं. विकताना त्या माणसाने पट्टीबद्दल लिहून दिलं होतं, आणि यासाठी मला त्याच्याबद्दल आदर वाटतो. पैशाच्या हिशोबात त्याचं मोठं नुकसान झालं. गाडी खरी होती का, हे आता कुणालाही कळणार नाही.

परत येताना मी आजोबांना वडिलांचं ते वाक्य सांगितलं, घासलेला नंबर खोटं बोलत नाही म्हणून. ते हसले. म्हणाले, "कागद खोटं बोलला नाहीच. पट्टीवर जे होतं तेच त्याने दाखवलं." तेही खरंच. खोटं त्याच्या आधीच कुणीतरी ठोकून ठेवलं होतं.

ऑफिसात आता कुणी म्हणालं की लॉगमध्ये ही नोंद कमी पडतेय, मागाहून घालून टाकू, नाहीतरी घडलं तसंच होतं, तर मी हो म्हणत नाही. टीमला वाटतं मी फारच खडूस झालोय. घडलं तसंच असेलही. पण एक ओळ मागाहून घातली हे उद्या कुणाला कळलं, तर उरलेल्या हजार खऱ्या ओळींवरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

तो पेन्सिलीने घासलेला कागद अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. गाडी काही अजून मिळालेली नाही. (बायको म्हणते, बरंच झालं.) तुमच्यापैकी कुणाच्या घरी आजोबा-पणजोबांच्या काळातली शेवरोले, डॉज किंवा प्लिमथ पडून असेल, तर एक काम करा. रंगवायला देण्याआधी फायरवॉल पुसून बघा. पट्टी सापडली तर तिच्यावर काहीही करू नका. घासून एक कागद तेवढा काढून ठेवा, आणि त्यावर आजची तारीख घाला. वर्षासकट!